भाऊबीजेचा मका

दर भाऊबीजेला आमच्या दारात मक्याचं एक पोतं उतरतं आणि पोत्यामागून आमचे साळेबुवा उतरतात. ते पांढुर्ण्याचे. पांढुर्णा म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड भिरकावणारं, गोटमारीचं गाव. एरवी तिथली माणसं अगदी मऊ. मध्य प्रदेशात राहतात, मराठी बोलतात आणि संत्री पिकवतात. दुसऱ्या कुणी भावानं बहिणीकडे येताना संत्र्यांची पेटी आणली असती. आमचे साळेबुवा मका आणतात, कारण २०२३ सालापर्यंत पांढुर्णा छिंदवाडा जिल्ह्यात होतं आणि छिंदवाडा स्वतःला 'कॉर्न सिटी' म्हणवून घेतो. पांढुर्ण्याचा जिल्हा वेगळा झाला, मक्याचा अभिमान मात्र अजून सामाईक सातबाऱ्यावर आहे.

हे पोतं वर्षानुवर्षं बिनबोभाट मागच्या खोलीत जायचं. त्यातला थोडा मका भरडला जायचा, थोडा शेजारी वाटला जायचा, उरलेल्यावर सोंडे आपला संसार थाटायचे. २०२४ च्या दिवाळीत मात्र भानगड झाली. आठच दिवस आधी माझ्या साखरेचा रिपोर्ट आला होता. आकडा फार वाईट नव्हता, पण डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, तेवढ्यावर घरात सुतकी कळा आली. "सर, पोळ्या कमी करा. जवारीची भाकर सुरू करा," डॉक्टर म्हणाले. माझ्या लहानपणी असं कुणी बोललं असतं तर देवळी तालुक्यातल्या आमच्या गावानं त्याला वेड्यात काढलं असतं. तेव्हा भाकर सुरू करावी लागत नव्हती. ती बंद होऊन पोळी कधी मिळते, याची वाट आम्ही पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत पाहायचो.

एक खुलासा आधीच करतो. वर्ध्यात ज्वारी कुणी खात नाही. ज्वारी फक्त बाजारभावाच्या पानावर असते. खातात ती जवारी. तसंच पुण्यामुंबईला मक्याचं कणीस मिळतं, आमच्याकडे भुट्टा मिळतो. पावसाळ्यात बोरधरणाकडे निघालेला माणूस 'कणीस भाजून द्या' म्हणाला, की भुट्टेवाली त्याला दोन रुपये जास्त सांगते.

तर साळेबुवांचं पोतं आत आलं, औक्षण झालं, आणि बायको मला म्हणाली, "अहो, भाकरच खायची ना तुम्हाला? मग पोतंभर मका आला आहे, त्याची खा."

"डॉक्टरांनी जवारी सांगितली आहे."

"ते वर्ध्याचे आहेत. पांढुर्ण्याचे असते तर मका सांगितला असता."

यात तथ्य असण्याची शक्यता मला नाकारता आली नाही. तेवढ्यात साळेबुवांनी चकली मोडत तोंड घातलं. "भाऊजी, मक्यात ताकद हाय. आमच्या इकडे सातपुड्यातला माणूस सकाळी मक्याची पेज पिऊन जाते अन् दिवसभर डोंगर चढते."

"आमचा माणूस जवारीची भाकर खाऊन दिवसभर कापूस वेचतो," मी म्हटलं.

"कापूस बायका वेचतात," बायको म्हणाली. पहिला दगड पडला होता.

आमची लेक नागपूरला गृहविज्ञान शिकवते. दिवाळीला घरी आली होती. तिला पंच नेमलं. तिनं मोबाईलवर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०१७ सालचं कोष्टक उघडलं. मी चौतीस वर्षं गणित शिकवलेलं, त्यामुळे वही-पेन माझ्याकडे. शंभर ग्रॅम धान्यात प्रथिनं किती? जवारीत ९.९७ ग्रॅम, मक्यात ८.८०. मी जवारीच्या रकान्यात एक मांडला. लोह? जवारीत ३.९५ मिलिग्रॅम, मक्यात २.४९. कॅल्शियम? जवारीत २७.६०, मक्यात ८.९१, म्हणजे तिपटीहून अंमळ जास्तच. साळेबुवांनी लाडवाचा तुकडा गालात तसाच धरून ठेवला.

मग फासे उलटले. तंतू मक्यात १२.२४, जवारीत १०.२२. जस्त मक्यात थोडं जास्त. स्निग्धांश मक्यात ३.७७ आणि जवारीत १.७३. "म्हणजे तेल आमच्यात दुप्पट!" साळेबुवा म्हणाले आणि लाडू खाली उतरला. लेक म्हणाली, "हो मामा, मक्याचा अंकुर मोठा असतो, त्यात तेल असतं. म्हणूनच मक्याचं पीठ लवकर खवट होतं." शिवाय मका पिवळा असेल तर त्यात डोळ्यांना उपयोगी अशी पिवळी रंगद्रव्यंही असतात. त्यांतल्या एकाचं नावच झियाझँथिन, मक्याच्या शास्त्रीय नावावरून पडलेलं. आमची पांढरीशुभ्र जवारी या बाबतीत जवळजवळ कोरीच.

"आणि ताकद?" बायकोनं मुद्द्याला हात घातला. "उष्मांक बघ."

लेकीनं पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि हसली. जवारी ३३४. मका ३३४. किलोज्यूलमध्ये मोजलं तरी दोन्हीकडे १३९८. इतका चोख बरोबरीचा सामना मी वार्षिक परीक्षेत फक्त एकदा पाहिला होता, आणि ती दोन पोरं एकाच बाकावर बसली होती.

तरी प्रथिनांत आपण पुढे, हे समाधान मी रात्री झोपेपर्यंत टिकवणार होतो. पण लेकीला पंचगिरी चढली होती. तिनं आतल्या कपाटातून कॉलेजातलं एक पुस्तक काढून आणलं. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांचं, मुळात १९७१ सालचं. दोन पिढ्या आहारतज्ज्ञ या पुस्तकावर पोसल्या. त्यात जवारीची प्रथिनं १०.४ ग्रॅम. आणि मक्याची? ११.१.

"जुनं ते सोनं!" साळेबुवा ओरडले.

संस्था तीच, हैदराबादची. धान्यं तीच. सेहेचाळीस वर्षांत निकाल मात्र उलटला. घरात दोन पक्ष पडले, एक १९७१ चा आणि एक २०१७ चा. लेकीनं समजावलं ते असं: दाण्यातली प्रथिनं वाणावर ठरतात, जमिनीवर ठरतात, खतावर ठरतात. कुठल्या बाजारातून, कुठल्या हंगामात नमुने उचलले यावर ठरतात. कोष्टकात उतरते ती सरासरी. हे मला शिकवायची गरज नव्हती. ज्या वर्गाची सरासरी बावन्न गुण असते, त्या वर्गात बावन्न गुणांचा पोरगा बहुतेक वेळा नसतोच. तरी हेडमास्तर सबंध वर्गाला बावन्नचा समजूनच वागतात.

मग मी फरकाचाच हिशेब मांडला. एका भाकरीला समजा साठ ग्रॅम पीठ. नव्या कोष्टकाप्रमाणे जवारीची भाकर मक्याच्या भाकरीपेक्षा ०.७ ग्रॅम प्रथिनं जास्त देते. तेवढी प्रथिनं तीनेक ग्रॅम तूरडाळीत मिळतात. पाच बोटांच्या चिमटीत मावेल एवढी डाळ. एवढ्यासाठी आम्ही भावा-बहिणीच्या सणाला महाभारत मांडलं होतं.

बाजेवर पडून आई सगळं ऐकत होती. तिचं वय पंच्याऐंशी, दात चार. ती म्हणाली, "जवारीची खा नाहीतर मक्याची खा. वरण कायचं हाय, ते सांगा ना."

लेकीनं मोबाईल खाली ठेवला. म्हणाली, "आजीनं पेपर फोडला." प्रथिनं किती यापेक्षा ती कोणत्या घटकांची बनलेली आहेत, हे महत्त्वाचं. त्या घटकांपैकी लायसीन जवारीत कमी आणि मक्यातही कमी. मक्यातल्या मुख्य प्रथिनाला झेईन म्हणतात, जवारीतल्याला कॅफिरिन. नावं वेगळी असली तरी दोघांची खोड एकच. असणारच. जवारी, मका आणि ऊस ही एकाच गवताच्या कुळातली भावंडं. तुरीच्या डाळीत मात्र लायसीन भरपूर. म्हणजे भाकरीची उणीव वरण भरून काढतं आणि वरणाची भाकर. आमच्या बापजाद्यांनी एकाच वावरात जवारी आणि तूर पेरली, ती काही लायसीन मोजून नाही. पण एकाच वावरातून आलेलं एकाच ताटात पडलं की हिशेब जुळायचा.

जेवायची वेळ झाली तेव्हा बायकोनं सामना चुलीवर न्यायचं ठरवलं. दोन्ही भाकरी करते, खाऊन बघा. मी ओट्याशी उभा राहिलो. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण भाकर होताना शेवटपर्यंत पाहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

जवारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गव्हात ग्लुटेन असतं, ते कणीक धरून ठेवतं. जवारीत ते नाही आणि मक्यातही नाही. म्हणून बायकोनं परातीतल्या पिठात मध्ये आळं केलं, त्यात आधणाचं पाणी ओतलं आणि उलथन्याच्या टोकानं कालवलं. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच मग सगळ्यांना बांधून ठेवतो. हाताला सोसेल इतपत झाल्यावर तळहाताच्या टाचेनं ती गोळा रगडत राहिली. परातीवर पिठाचा एक कण उरला नाही, तेव्हा थांबली. "दळून पंधरा दिवस झाले असते तर विरी गेली असती, थापतानाच फाटली असती," ती गोळ्याला म्हणाली. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. मग कोरड्या पिठावर थाप, थाप, थाप. हात एकाच जागी आणि भाकर मात्र गोल फिरतेय. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, पाणी सुकत आलं तशी उलटली, आणि शेवटी जाळावर धरताच ती टम्म फुगली. वरचा पापुद्रा सुटून वेगळा झाला.

मग मक्याची. पीठ जवारीहून रवाळ. आधण तेच, रगडणं तेच, पण थापायला घेतल्याबरोबर काठांना चिरा पडायला लागल्या. गोल राहिलीच नाही, कोकणच्या किनाऱ्यासारखी खाडी-खाडी दिसायला लागली. बायको ओल्या बोटांनी काठ सांधत गेली. "आजी पळसाच्या पानावर थापायची," साळेबुवा म्हणाले आणि दोघं बहीणभाऊ एकदम गप्प झाले. भाकर फुगली नाही, पण सोन्यासारखी पिवळी भाजली गेली आणि घरभर भुट्ट्याचा वास सुटला. चवीला गोडसर. दुधात कुस्करली तर भाजी नकोच. मी दोन खाल्ल्या. हे वहीत लिहिलं नाही.

जेवताना साळेबुवांनी नमतं घेतलं असतं, पण लेकीनं नव्या वादाला वात लावली. पेलाग्रा नावाचा रोग. त्वचा काळी पडून सोलते, पोट बिघडतं, डोकं फिरतं. अमेरिकेच्या दक्षिण भागात गरीब माणसं मक्यावरच जगायची, तिथे या रोगानं थैमान घातलं होतं. १९१४ साली सरकारनं जोसेफ गोल्डबर्गर नावाचा डॉक्टर धाडला. हा जंतूंचा नाही, ताटाचा रोग आहे, हे त्यानं दाखवलं. मक्यातलं नायसिन नावाचं जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की पोटाला ते सुटत नाही. गंमत म्हणजे मका जिथला मूळचा त्या मेक्सिकोत ही साथ नव्हती. तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटायच्या. चुन्यानं नायसिन मोकळं होतं. मका जगभर गेला, चुन्याची पुडी मेक्सिकोतच राहिली.

मी सावरून बसलो. "म्हणजे मक्यानं रोग होतो."

"बाबा, पुढे ऐका." पुढचं असं होतं की हाच पेलाग्रा दख्खनच्या पठारावर जवारी खाणाऱ्यांतही आढळला. त्यावर १९६० साली 'लॅन्सेट'मध्ये डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी लिहिलं. जवारीत ल्युसीन नावाचा घटक जास्त असतो, तो नायसिनचं गणित बिघडवतो, असं त्यांचं म्हणणं. गोपालन म्हणजे तेच, १९७१ च्या पुस्तकाचे. साळेबुवांना हा माणूस आता घरचा वाटायला लागला होता.

"पण हे कुणाला?" लेक म्हणाली. "ज्याच्या ताटात भाकरीशिवाय दुसरं काहीच नाही, त्याला."

आई म्हणाली, "नुसती भाकर अन् मिरची खाऊन राह्यणारे लोक पाह्यले मी." त्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही.

ती बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलत होती, असं मला वाटतं. तेव्हा रेशनवर मिलो यायची. मिलो म्हणजे जवारीच, पण अमेरिकेची, लालसर. भाकर विटकरी दिसायची आणि घशाखाली उतरायची नाही. उपाशी गावसुद्धा तिला नाकं मुरडायचं. कोष्टकात ती आपल्या जवारीच्या अगदी शेजारी बसली असती. पण कोष्टकाला नाक नसतं.

जवारीबद्दल आणखी एक गोष्ट लेकीनं सांगितली, ती माझ्या पक्षाला फार लागली. पाण्यात शिजवली की जवारीची प्रथिनं पचायला आणखी अवघड होतात. मक्याचं एवढं होत नाही. म्हणजे पानावरचे ९.९७ सगळेच्या सगळे पोटाला लागत नाहीत. पीठ आंबवलं, की मात्र हा अडसर बराचसा सुटतो. मी लगेच महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातली आंबील पुढे केली. सोळा भाज्यांच्या गर्दीत ती वाटी आम्ही निमूट बाजूला सारायचो. या वर्षी दोनदा मागून प्यालो. साळेबुवा म्हणाले, मक्याचीही आंबील होते. होत असेल. मी विचारायला गेलो नाही.

हरत आलेल्या माणसासारखा मी शेवटी भाषेकडे वळलो. म्हटलं, पोषण राहू द्या, मराठीत बघा. अंगाची लाही लाही होते ती आमच्या लाहीवरून. नागपंचमीला जवारीच्या लाह्या फुटतात तसं मे महिन्यात वर्ध्याचं माणूस फुटतं. दृष्ट काढायला भाकरतुकडा ओवाळून टाकतात. एखाद्या गोष्टीचं पेव फुटतं, ते पेव म्हणजे जवारी साठवायचं जमिनीतलं कोठार. मक्यानं मराठीला काय दिलं?

साळेबुवांनी शांतपणे विचारलं, "भाऊजी, पेव कुठे हाय आता?"

नेम बरोबर लागला. आमच्या वाड्यात पेव होतं. माझ्या आठवणीत ते दोनदा उघडलं. झाकण काढल्यावर आतली वाफ जाईस्तोवर कुणी उतरायचं नाही, अशी ताकीद असायची. सालदाराचं साल ठरवताना रुपयांबरोबर जवारीची पोतीही ठरायची. आता ते पेव बुजवून त्यावर मोटारसायकल उभी असते. वर्धा जिल्ह्यात सेलूपासून समुद्रपूरपर्यंत फिरा. कापूस दिसेल, सोयाबीन दिसेल, तुरीच्या ओळी दिसतील. जवारीचं वावर दिसलं तर गाडी थांबवून फोटो काढावा अशी गत. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. ऐन कापणीला पाऊस आला की खरिपाची जवारी काळी पडते. बैल गेले तसा कडबा खाणारं कुणी राहिलं नाही. राखण करायला रात्री माळ्यावर कोण जागणार? आणि सोयाबीन शंभर दिवसांत नगद पैसे देतं.

या सोयाबीनची आमच्या वर्ध्याशी एक जुनी ओळख आहे. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहू लागले. पुढच्या वर्षी गांधीजी मगनवाडीत मुक्कामाला होते. हातसडीचा तांदूळ, जात्याचं पीठ, कडुनिंबाचा पाला, सगळ्यांचे प्रयोग आधी तिथल्या ताटांवर आणि मग 'हरिजन'च्या पानांवर. पाहुण्यांचे चेहरे पाला चघळताना कसे होत असतील, याची कल्पना मी अनेकदा केली आहे. १९३५ मध्येच तिथे सोयाबीनही शिजलं, आणि त्याबद्दल गांधीजींनी लिहिलंदेखील. गरिबाच्या ताटात स्वस्त प्रथिनं यावीत, एवढाच हेतू. नव्वद वर्षांनी सबंध जिल्हा सोयाबीननं हिरवागार आहे आणि आमच्या ताटात त्याचा दाणा नाही. तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. तिथे तिची गाठ कुणाशी पडते? मक्याशी. देशातल्या मक्याचा मोठा वाटा कोंबड्याच खातात. मक्यात लायसीन कमी, सोयाबीनच्या पेंडीत भरपूर, म्हणून दोन्ही मोजूनमापून एकत्र करतात. म्हणजे आईचं भाकर-वरणाचं शास्त्र आज सगळ्यात काटेकोरपणे कोण पाळत असेल, तर ब्रॉयलर कोंबडी.

बाजारभावाचंही असंच उलटं. २०२५-२६ च्या खरिपासाठी सरकारनं संकरित जवारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये धरला आणि मक्याचा २,४००. गव्हाचा त्याआधीच्या रब्बीला २,४२५ होता. म्हणजे हमीभावात गव्हाला मागे टाकणारी झाली आमची जवारी, गरिबाची भाकर. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, तेव्हा तिला 'श्री अन्न' अशी पदवीही मिळाली. नागपूरच्या एका हॉटेलात मी तिला चिनीमातीच्या ताटलीत, चतकोर करून, लोण्याच्या गोळीसह पाहिलं. तीच ती, पण ओळख द्यायला तयार नव्हती. मका या बाबतीत आधीपासूनच पुढारलेला. सिनेमागृहात लाहीला पॉपकॉर्न म्हणून विकायची अक्कल त्यालाच सुचली.

साळेबुवा दुसऱ्या दिवशी गेले. घरात तह असा झाला: आठवड्यातले सहा दिवस जवारी, रविवारी मका, वरण रोज. चक्कीवाल्या भाऊनं आणखी एक कलम जोडलं. गव्हावर मका दळून देणार नाही. मक्याचं दळण शनिवारी संध्याकाळी आणायचं, सगळ्यात शेवटी. तीन महिन्यांनी माझा रिपोर्ट पुन्हा आला. डॉक्टरांनी तो एकदाच वाचला. सुधारणेचं श्रेय जवारीला, मक्याला की बंद झालेल्या दुपारच्या बालुशाहीला, यावर घरात एकमत नाही.

एकदा हे वेड डोक्यात गेलं की ते वावरापर्यंत जातंच. यंदाच्या जूनमध्ये देवळीच्या वावरात तुरीच्या कडेला मी चार तास, म्हणजे चार ओळी, जवारी टाकली आणि साळेबुवांनी पाठवलेलं मक्याचं बियाणं दोन तास. गावातली पोरं हसली. "सर, रानडुकरांसाठी पेरून राह्यले काय?" म्हणाली. जवारी पुरुषभर वाढली. मक्याला तुरे आले, ऑगस्टच्या शेवटी कणसं दुधात आली. मी फोटो काढून पांढुर्ण्याला पाठवला. चौथ्या दिवशी सकाळी वावरात गेलो तर मक्याचे दोन्ही तास झोपलेले. एक कणीस शिल्लक नाही. जवारी निसवली होती, तिच्याकडे डुकरांनी वळूनही पाहिलं नव्हतं. तिचा नंबर पुढे लागला. दाणा भरल्यावर आधी पोपट आले, मग डुकरांनी धांडे मोडले, आणि मला मिळाली टोपलीभर.

येत्या भाऊबीजेला साळेबुवा यायचे आहेत. तुमचा मका आधी गेला, जवारी नंतर, असं मी फोनवर कळवलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे भाऊजी, तुमच्या वर्ध्याच्या डुकरांनी एकाहत्तरचंच पुस्तक वाचलेलं दिसते."